राजपत्रावर ‘असाधारण’ का छापलेलं असतं?

महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन जाणार अशी कुणकुण लागली की गावात सगळ्यात आधी एक पीडीएफ फिरते. भारताचं राजपत्र. वर सिंहांची राजमुद्रा, खाली ठळक अक्षरांत ‘असाधारण’, त्याखाली तोच शब्द इंग्रजीत, एक्स्ट्राऑर्डिनरी. मग भाग दोन, खंड तीन, उपखंड दोन, आणि ‘प्राधिकार से प्रकाशित’. सोलापूर–धुळे रस्त्यावरच्या तुळजापूर, धाराशिव, बीड, गेवराई, कन्नड या पट्ट्यात, किंवा तुळजापूर–लातूर–नांदेड रस्त्याकडेच्या गावांत हा कागद पुष्कळांनी पाहिलेला आहे. आणि पुष्कळांची नजर त्या एकाच शब्दावर अडकते. असाधारण म्हणजे काहीतरी भयंकर आहे का? आपल्या गावावर काढलेला खास हुकूम? ज्याच्याविरुद्ध दादच मागता येत नाही असा?

यातलं काहीही नाही. तो अंक ठरलेल्या वाराला न निघता मधेच निघाला, एवढंच तो शब्द सांगतो.

पण हे उत्तर इतकं छोटं असूनही लोक गोंधळतात, कारण एक्स्ट्राऑर्डिनरी हा शब्द आपल्याला शाळेत कौतुकाचा म्हणून भेटतो. पोरगं दहावीला शंभर टक्के घेऊन आलं की एक्स्ट्राऑर्डिनरी. फलंदाजानं शेवटच्या चेंडूवर षटकार मारला की एक्स्ट्राऑर्डिनरी. आपल्या बोलीत सांगायचं तर लई भारी. आणि मग तोच शब्द राजपत्रावर, रजेच्या आदेशावर, कंपनीच्या सभेच्या नोटिशीवर, न्यायालयाच्या निकालात दिसतो. तिथं भारी काहीच नसतं. उलट कधी कधी पगार कापलेला असतो. हा शब्द नीट उलगडून घेतला तर असे कितीतरी कागद आपोआप वाचता येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅटिन भाषेत ‘ओर्दो’ म्हणजे ओळ, रांग, ठरलेला क्रम. ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर. ‘एक्स्ट्रा ओर्दिनेम’ म्हणजे रांगेबाहेर, क्रमाबाहेर. त्यात चांगलं-वाईट काही नाही, जागा तेवढी सांगितलेली आहे. प्राचीन रोमच्या सैन्यात मित्रराज्यांकडून आलेल्या शिपायांतले निवडक लोक वेगळे काढत आणि सेनापतीच्या जवळ ठेवत. त्यांना ‘एक्स्ट्राऑर्दिनारी’ म्हणत, कारण त्यांची जागा नेहमीच्या तुकड्यांच्या रांगेत नसे. रोमच्या राज्यकारभारातही हीच वाटणी होती. दरवर्षी निवडून येणारे अधिकारी हे नेहमीच्या क्रमातले. संकट आलं की नेमला जाणारा हुकूमशहा हा क्रमाबाहेरचा, आणि म्हणूनच त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. इ.स.पूर्व ६७ मध्ये समुद्री चाच्यांचा बंदोबस्त करायला पाँपे या सेनापतीला जे अफाट अधिकार दिले, तेही याच अर्थानं असाधारण होते. क्रमाबाहेर जायचं तर त्याला कारण हवं आणि हद्द हवी, ही समज त्या शब्दात तेव्हापासून आहे. आपल्या कायद्यांत हा शब्द आला तो ही समज घेऊनच.

इथं एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. आपण मराठीत ‘एक्स्ट्रा’ म्हणजे जादा असं धरतो. एक्स्ट्रा क्लास, एक्स्ट्रा शीट, एक्स्ट्रा चटणी. त्यामुळे एक्स्ट्राऑर्डिनरी म्हणजे जादा ऑर्डिनरी, अधिकच साधा, असा अर्थ व्हायला हवा, ही मुलांची शंका अगदी रास्त असते. खरा प्रकार उलटा आहे. इंग्रजीत एक्स्ट्रा हा शब्द ‘जादा’ या अर्थानं सुटा वापरला जाऊ लागला तो बहुधा एक्स्ट्राऑर्डिनरी आखडूनच. म्हणजे लांब शब्द आधीचा, आखूड नंतरचा. वर्तमानपत्राच्या खास अंकाला एक्स्ट्रा म्हणायचे, नाटक-सिनेमातल्या गर्दीतल्या नटाला एक्स्ट्रा म्हणतात, तेही याच वाटेनं आलेलं.

आता राजपत्राकडे. सरकारनं काहीही जाहीर केलं, कायदा, नियम, नेमणूक, अधिसूचना, तर ते छापून प्रसिद्ध झाल्याचा पुरावा म्हणजे राजपत्र, गॅझेट. त्याचा एक नेहमीचा, आठवड्याचा अंक असतो. केंद्राचा साप्ताहिक अंक शनिवारच्या तारखेचा. महाराष्ट्र शासनाचा गुरुवार ते बुधवार असा आठवडा धरून. लग्नानंतर नाव बदललं किंवा दाखल्यावर आडनाव चुकलं म्हणून आपल्याकडे लोक ‘गॅझेट करून घेतात’; ती नावं राज्याच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये, या नेहमीच्या अंकात येतात. त्यामुळे राजपत्राचा साधारण अंक मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत फायलीला लावून ठेवलेला आहे, फक्त त्याला कोणी साधारण म्हणत नाही.

पण सरकारची सगळीच कामं आठवड्याच्या अंकासाठी थांबू शकत नाहीत. अध्यादेश निघाला, विधिमंडळानं कायदा केला, निवडणूक जाहीर झाली, जमीन संपादनाची अधिसूचना काढायची आहे, तर ते त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावं लागतं. त्यासाठी ठरलेल्या वाराबाहेर काढलेला अंक तो असाधारण अंक. कायद्याच्या नजरेत त्याचं वजन साप्ताहिक अंकाइतकंच, कमी नाही नि जास्त नाही. आता तर अशी स्थिती आहे की केंद्राचे असाधारण अंक वर्षाला हजारोंनी निघतात आणि साप्ताहिक अंक मागं पडलेत. १ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्रानं राजपत्राची छपाई बंद करून ते फक्त ऑनलाइन प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हापासून तर वेगळा अंक काढणं आणखी सोपं झालं. म्हणजे क्रमाबाहेरचं हेच नेहमीचं झालं, पण मथळ्यावरचा शब्द जुनाच राहिला.

मराठवाड्याला हा शब्द इंग्रजीच्या आधी उर्दूतून माहीत आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभार उर्दूत चाले. राजपत्राला ‘जरीदा’ म्हणत आणि असाधारण अंकाला ‘जरीदा गैरमामुली’. मामुली म्हणजे नेहमीचं, रिवाजातलं. गैरमामुली म्हणजे रिवाजाबाहेरचं. मला हे भाषांतर ‘असाधारण’पेक्षा सरस वाटतं. ‘मामुली’ हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे, ‘गैर’ही आहे, आणि दोन्ही मिळून नेमकं तेच सांगतात जे लॅटिनमध्ये होतं. अर्थ लावायला शब्दकोश उघडावा लागत नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, कारभाराची भाषा बदलली, आणि हा शब्द जुन्या कागदांत राहून गेला. खासरा पाहणी, सेतवार असे शब्द टिकले, गैरमामुली मात्र कचेरीतून गेला.

जाता जाता आणखी एक गोंधळ मिटवतो, कारण सप्टेंबर २०२५ मधल्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेट’ हे दोन शब्द मराठवाड्यातल्या प्रत्येक पारावर पोचले. गॅझेट म्हणजे सरकारी घोषणांचं पत्र. गॅझेटिअर म्हणजे एखाद्या मुलखाची लोकसंख्या, जाती-जमाती, पिकं, नद्या यांची माहिती देणारा ग्रंथ. बोलताना दोन्हींना आपण गॅझेटच म्हणतो. इथं आपण बोलतोय ते पहिल्याबद्दल.

मग रस्त्याच्या त्या पीडीएफमध्ये खरोखर बघायचं काय? ‘असाधारण’ हा शब्द सोडून द्यायचा आणि तारखेवर बोट ठेवायचं. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली जमीन घ्यायची तर आधी कलम ३क ची अधिसूचना निघते. इंग्रजी प्रतीत हे तीन-ए असतं. त्यात अमुक गावची अमुक जमीन घेण्याचा सरकारचा इरादा सांगितलेला असतो. खाली तक्ता असतो: गट नंबर, जमिनीचा प्रकार, क्षेत्र हेक्टरमध्ये. ही अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हितसंबंध असलेल्या कोणालाही सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. कारणं लिहून द्यायची असतात आणि प्राधिकाऱ्यानं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. त्यानंतर येते तीन-डी ची अधिसूचना. ती प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे मालकी सरकारची होते, सगळ्या बोजांपासून मुक्त. पुढं भांडण उरतं ते मावेजाच्या रकमेचं, आणि तो दर पटला नाही तर लवादाकडे जाण्याची सोय कायद्यात आहे. पहिल्या अधिसूचनेनंतर वर्षभरात दुसरी निघाली नाही तर पहिली बाद होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दोन्ही अधिसूचना असाधारण अंकात येतात. दोन्हींवर मथळा तोच. पण एकीत बोलायला जागा आहे आणि दुसरीत ती जागा संपलेली आहे. शब्दाला घाबरून किंवा शब्दानं दिपून जाऊन कलम आणि तारीख न वाचणं, हे मला या सगळ्यात सगळ्यात जास्त सलतं. २१ दिवस फार नसतात. त्यातले आठ-दहा दिवस ‘असाधारण म्हणजे आता काही होत नाही’ या चर्चेत गेले तर उरतं काय?

असाधारण रजेचं प्रकरण याहून वेगळं दिसतं, पण आत तेच आहे. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, लिपिक यांच्या घरात हा शब्द सेवापुस्तकामुळे माहीत असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत रजांची एक रांगच लावलेली आहे. अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, त्यातून निघणारी परिवर्तित रजा, अनर्जित रजा. नियम ६३ मध्ये असाधारण रजा येते. दुसरी कोणतीच रजा देय नसेल, किंवा देय असूनही कर्मचाऱ्यानं स्वतः लेखी मागितली असेल, तेव्हा ही मिळते. तिच्या काळात रजा-वेतन मिळत नाही. बोलीत तिला आपण सरळ बिनपगारी म्हणतो. नव्यानं नोकरीला लागलेल्या पोराला ‘तुझी असाधारण रजा मंजूर झाली’ असं कळवलं तर त्याला वाटतं साहेब मेहेरबान झाले. महिन्याचा पगार हातात आला की खरा अर्थ समजतो. वेतनवाढ आणि निवृत्तिवेतन यांचा काळ मोजताना ही रजा धरायची की वगळायची, हे ती कोणत्या कारणासाठी घेतली यावर बऱ्याच अंशी ठरतं. म्हणून आजारपणात ती घेताना वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं आहे आणि तशी नोंद सेवापुस्तकात पडली आहे, हे वेळच्या वेळी बघून घ्यावं. निवृत्तीच्या तोंडावर जुनी नोंद दुरुस्त करत बसण्याइतकं जिकिरीचं काम नाही.

सभेचं थोडक्यात. कंपनीची वर्षातून एकदा होणारी ती वार्षिक सर्वसाधारण सभा. मधेच काही निकडीचं काम निघालं आणि त्यासाठी सभा बोलावली तर ती असाधारण सर्वसाधारण सभा. मराठीत हा शब्दप्रयोग ऐकायला विचित्र वाटतो, असाधारण आणि लगेच साधारण. पण त्यातलं ‘सर्वसाधारण’ हे सगळ्या सभासदांसाठी आहे आणि ‘असाधारण’ हे वेळेसाठी. शेअर भांडवलाच्या कंपनीत मतदानाचा हक्क असलेल्या भरणा झालेल्या भांडवलाचा एक दशांश वाटा ज्यांच्याकडे आहे असे सभासद लेखी मागणी करून संचालक मंडळाला ही सभा बोलवायला लावू शकतात. मंडळानं मागणी मिळाल्यापासून २१ दिवसांत हालचाल करून ४५ दिवसांच्या आत सभा घेतली नाही, तर मागणी करणारे स्वतः ती बोलावू शकतात. हे आपल्याकडे सांगायचं कारण असं की सोयाबीन, हरभरा, तूर यांच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आता मराठवाड्यात तालुक्या-तालुक्यात आहेत. त्या नावानं शेतकऱ्यांच्या असल्या तरी कायद्यानं कंपन्याच आहेत. तिथं भांडवलाचा हिस्सा बघत नाहीत, माणसं मोजतात, आणि मागणीसाठी एक तृतीयांश सभासद लागतात. गावातली सोसायटी मात्र सहकार कायद्याखाली येते. तिथं अशाच सभेला ‘विशेष सर्वसाधारण सभा’ म्हणतात, आणि पोटनियमात त्याहून कमी आकडा दिलेला नसेल तर एक पंचमांश सभासदांची लेखी मागणी पुरते. काम एकच, कायदे दोन, म्हणून नावं दोन.

उच्च न्यायालयाच्या बाबतीत हा शब्द सगळ्यात जास्त गैरसमजाचा धनी झाला आहे. १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालं. त्याआधी नांदेड-परभणीच्या माणसाला उच्च न्यायालय गाठायचं तर मुंबई गाठावी लागे. आता गावातला चार वर्ग शिकलेला माणूसही ‘रिट टाकतो’ म्हणतो. संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय सरकारी अधिकाऱ्याला आदेश देऊ शकतं, त्याचा निर्णय रद्द करू शकतं, बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला समोर आणायला लावू शकतं. या अधिकाराला निकालांमध्ये असाधारण अधिकारिता म्हणतात. त्या कलमात हा शब्द नाही, न्यायालयांनीच तो रूढ केला आहे.

असाधारण म्हटल्यावर पक्षकाराला वाटतं, सगळ्यात मोठं हत्यार, मग पहिल्यांदा तेच काढू. वकील समजावतो तेव्हा पटत नाही. पण अर्थ पुन्हा तोच: नेहमीच्या रांगेबाहेरचा उपाय. त्यामुळे नेहमीची रांग शिल्लक असेल तर न्यायालय सहसा म्हणतं, आधी तिकडे जा. फेरफाराची नोंद तुमच्या मनासारखी झाली नाही, तर महसूल कायद्यात अपिलाची पायरी आहे, उपविभागीय अधिकारी आहेत, त्यांच्यावर वरिष्ठ आहेत. ते सोडून थेट खंडपीठात गेलात तर याचिका पर्यायी उपाय आहे म्हणून परत यायची शक्यता मोठी, आणि तोवर अपिलाची मुदत निघून गेलेली. याला अपवाद आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये व्हर्लपूल प्रकरणात ते स्पष्ट मांडले आहेत. मूलभूत हक्कावर घाला आला असेल, बाजू ऐकूनच न घेता निर्णय दिला असेल, अधिकारच नसलेल्या अधिकाऱ्यानं आदेश काढला असेल, किंवा मुळात कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल, तर पर्यायी उपाय असला तरी रिट चालू शकतं.

इथवर सगळं माणसानं आखलेल्या क्रमाबद्दल होतं. निसर्गाचा क्रम कोण ठरवतं? आधीच्या नोंदी. आपल्या महसूल खात्याच्या हिशोबात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर मिळून सरासरी पाऊस ६८० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका दिवसात ६५ पडला तर पूर्ण हंगामाच्या जवळजवळ एक दशांश. कोकणात जुलैच्या एका महिन्यातच ६८० हून जास्त पाऊस होऊन जातो, तिथं ६५ चा दिवस कोणी लक्षातही ठेवत नाही. भारतीय हवामान खात्याच्या परिभाषेत याच कारणासाठी एक वेगळी पायरी आहे, ‘एक्सेप्शनली हेवी’. तिला ठरावीक कमाल आकडा नाही. त्या ठिकाणी किंवा जवळपास त्या महिन्यात अथवा हंगामात आजवर पडलेल्या सर्वाधिक पावसाच्या जवळ जाणारा पाऊस, आणि किमान १२ सेंटिमीटरच्या वर, अशी तिची व्याख्या आहे. गावोगावची पर्जन्यमापक यंत्रं नीट चालणं किती गरजेचं आहे ते इथं कळतं. नेहमीचं किती ते लिहूनच ठेवलं नसेल तर नेहमीबाहेरचं किती ते सिद्ध कसं करणार? आणि सिद्ध झालं नाही तर मदत कशी मिळणार?

किल्लारीचं नाव घेतल्याशिवाय हा विषय मराठवाड्यात पुरा होत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं मातीच्या, दगडाच्या भिंतींखाली गेली; हजारो माणसं दगावली. इंग्रजी शास्त्रीय लिखाणात त्या भूकंपाला असाधारण म्हटलेलं वाचलं की आपल्याला खटकतं, कारण आपल्या कानाला त्यात कौतुक ऐकू येतं. शास्त्रज्ञांना म्हणायचं असतं ते हे: साधारणतः मोठे भूकंप भूपट्ट्यांच्या कडांवर होतात, हिमालयाच्या पायथ्याशी, अंदमानात. दख्खनचं पठार पट्ट्याच्या पोटात आहे, स्थिर समजलं जाणारं. देशाच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या विभाग एकमध्ये होता. रिश्टर मापावर सहाच्या वरचा धक्का तिथं बसणं हे त्या नकाशाच्या क्रमाबाहेरचं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसराला लहान धक्के बसत होते आणि लोक जमिनीतून आवाज येतात म्हणत होते. घडलेली गोष्ट बदलता येत नव्हती, तेव्हा क्रमच बदलावा लागला. २००२ मध्ये नवा नकाशा आला, त्यात विभाग एक हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर विभाग तीनमध्ये गेला. तेव्हापासून लातूरला घराचा आराखडा करणारा अभियंता त्या विभागाप्रमाणे हिशोब करू लागला.

मराठीत आपण ‘असाधारण’ हा संस्कृत शब्द घेतला, त्याला स्वतःचा इतिहास आहे. साधारण म्हणजे अनेकांत सारखं असलेलं, सामाईक. भारतीय न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, एखाद्या वस्तूचं लक्षण सांगताना तिचा असाधारण धर्म सांगायचा असा नियम आहे. जो तिच्या जातीच्या सगळ्यांत आहे आणि दुसऱ्या कशात नाही असा गुण. गायीचं उदाहरण परंपरेनं दिलं जातं: तिचं लक्षण म्हणजे सास्ना, गळ्याखाली लोंबणारी पोळी. शिंगं म्हशीलाही असतात, शेपूट कुत्र्यालाही असतं, पण गळ्याखाली तशी लोळती पोळी गायीच्याच जातीला. कंधारच्या बाजारात लाल कंधारी किंवा उदगीरकडं देवणी पारखणारा शेतकरी बैलाची पोळी हातात धरून बघतो, तेव्हा तो याच लक्षणावर हात ठेवत असतो. या अर्थानं असाधारण म्हणजे दुर्मीळ नव्हेच. प्रत्येक गायीला ते आहे. लॅटिन शब्द विचारतो ‘हे क्रमात आहे का?’ आणि संस्कृत शब्द विचारतो ‘हे दुसऱ्या कोणात आहे का?’ सरकारी भाषांतरात दोघांची सांगड घातली गेली, आणि वाचणाऱ्याला कोणत्या अर्थानं घ्यायचं ते प्रत्येक वेळी ठरवावं लागतं.

शेवटी इंग्रजी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. हा शब्द कायम जोडून लिहायचा. क्लासच्या फ्लेक्सवर एक्स्ट्रा आणि ऑर्डिनरी असे दोन सुटे शब्द छापले तर इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘फारच सामान्य’ असा लागतो. उच्चारात मात्र मधला ‘अ’ बहुतेक वेळा गिळला जातो: इक्स्ट्रॉर्डिनरी. जुन्या दरबारी पदव्यांत तो नामाच्या मागून येतो. राजदूताचं पूर्ण पद ‘असाधारण आणि पूर्णाधिकारी राजदूत’ असं असतं, आणि इंग्रजीत त्यात राजदूत आधी, असाधारण नंतर. पूर्वी कायम राहणारा राजदूत साधारण आणि खास कामगिरीवर पाठवलेला असाधारण असा फरक होता. असाधारणाचा मान मोठा, म्हणून हळूहळू सगळेच तसे म्हणवून घेऊ लागले आणि साधारण राजदूत उरलाच नाही.

कौतुकासाठी वापरायला हरकत अजिबात नाही, फक्त कुठला क्रम मोडला ते वाक्यात दिसू द्यावं. वेरूळच्या कैलास लेण्याला हा शब्द शोभतो तो नुसत्या भव्यतेमुळे नाही. देऊळ पायापासून कळसाकडे बांधत जातात. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी कळसापासून सुरुवात करून पायाकडे खोदत आणलं. असं एक वाक्य लिहिलं की पुढं एक्स्ट्राऑर्डिनरी लिहिणं सार्थ होतं. ‘माय व्हिलेज इज एक्स्ट्राऑर्डिनरी’ एवढंच लिहून थांबलं तर परीक्षकाला काहीच कळत नाही.

आणि इंग्रज माणूस कपाळाला आठी घालून ‘व्हॉट अ‍ॅन एक्स्ट्राऑर्डिनरी थिंग टु से’ म्हणाला, तर आभार मानू नयेत. त्याला म्हणायचं असतं, ‘काहीतरीच काय बोलता!’